भाजलेली रेती

माझा दोस्त विनायक गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेडशीच्या एसटीत बसलो होतो, त्याच्याचकडे निघालो होतो. त्या दिवशी ढसाढसा रडलो. आज लिहितोय ते मात्र रागाने.

घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये त्याचं वर्कशॉप. पाइप वाकवायचं मशीन आमच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून भंगारातली पीठगिरणीची पुली आम्ही दोघांनी बाभळीच्या खुंटावर ठोकली आणि तिच्याभोवतीच पाइप वाकवायला लागलो. खुर्च्या, झोपाळे, सायकलचं कॅरिअर... पोकळ पाइप नुसता ओढला की चेमटतो, त्यामुळे आत रेती ठासायची, दोन्ही टोकांना लाकडी गुट्ट्या मारायच्या आणि भट्टीवर लाल करून वाकवायचा. त्याचा वाक गोल, गुळगुळीत. माझा दरवेळी चपटा. "हात बसला नाही तुहा अजून," म्हणून हसायचा बेटा! आणि स्वतःचा पाइप भरायची वेळ आली की, "जाय, चहा सांगून ये." मी मुकाट्याने जायचो. आपल्याच हातात कसब नाही, असं एवढी वर्षं मानत आलो.

तेरवीला धनजचा एक माणूस पंगतीत शेजारी बसला. तोही पाइपचं काम करणारा. "विनायकभाऊनं मले एका दुपारात शिकवलं," तो म्हणाला. "रेती पयले कढईत खडखडीत भाजा म्हणे. ओली रायली का वाफ धरते, गुट्टी सरकते, अन् पाइप चेपते."

माझा घास हातातच राहिला. एका दुपारात! परक्या माणसाला! तडक उठून वहिनींकडे गेलो. विनायकच्या बायकोला तरी हे ठाऊक असेल का, एवढंच विचारायचं होतं.

"रेती मीच भाजून देत होती, भाऊजी," त्या खाली बघत म्हणाल्या. "तुमाले सांगू नोको म्हणत होते. त्याले जमलं तं मंग तो कायले येईन माह्याकडं, म्हणत..."

हे ऐकून एखादा विरघळला असता. मी नाही विरघळलो. चपट्या पाइपांचं मी केव्हाच माफ केलं असतं, पण एवढ्या वर्षांत त्याने मला हेच ओळखलं?

परवा वहिनींकडून भाजलेली रेती मागून घेतली आणि त्याच्या शेडमध्ये पाइप वाकवला. पहिल्याच झटक्याला गोल, गुळगुळीत वाक. वहिनी दारातून बघत होत्या, तरी मला राहवलं नाही. रिकाम्या शेडमध्ये मोठ्याने ओरडलो, "अरे गाढवा, पाइपासाठी येत होतो काय रे मी?"