एका क्लिकमध्ये घाटघर गायब

आत्ता फोन ठेवलाय आणि लगेच टाईप करायला बसलेय. उद्यापर्यंत थांबले तर मी स्वतःलाच पटवून देईन, की चूक एक्सेलची होती.

नारायणगावात दत्ताभाऊंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, मी तिथं नोकरीला. गावोगावची माणसं येतात, त्यांना हवं ते आम्ही ऑनलाइन मागवून देतो. कुरिअर खेड्यात जात नाही. पार्सल इथल्याच त्यांच्या ऑफिसात सात दिवस ठेवतात, कुणी नेलं नाही की परत! म्हणून रोज सकाळी कुणाचं आलंय ते बघून फोन करायचा, हे माझं काम.

आधी सगळं वहीत होतं. दोनदा घोळ झाला, तशी मी एक्सेलमध्ये शीट बनवली. एक ऑर्डर म्हणजे एक आडवी ओळ. नाव, गाव, फोन, वस्तू, ट्रॅकिंग नंबर. पार्सल येऊन पाचवा दिवस लागला की ओळ आपोआप लाल. लई भारी! दत्ताभाऊ गिऱ्हाइकांना बोलवून बोलवून दाखवायचे.

मग दिसलं, काही ऑर्डरी दोनदा टाईप झाल्यात. एक्सेलमध्ये 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' नावाचं बटण असतं. सारख्या ओळींतली एक ठेवतं, बाकीच्या पुसतं. सारखं कशावरून धरायचं, ते आपण सांगायचं. नावावरून नको, एका नावाची तीन-तीन माणसं निघतात. मी फोनच्या कॉलमवर टिक केली. फोन तर ज्याचा त्याचा वेगळा ना!

बऱ्याच ओळी उडाल्या. मी टाळी वाजवली आणि सेव्ह केलं.

काल दुपारी घाटघर गावचे काका आले. त्यांची सुरेखा पोलीस भरतीला उतरलेली, आज सकाळी पुण्यात ग्राउंड, म्हणजे पळायची परीक्षा. खाली खिळे असलेले पळायचे बूट तिच्या मापाचे जुन्नरला मिळेनात, म्हणून आमच्याकडून मागवलेले.

"पोरीचं बूट आलं का? तुमचा फोनच न्हाई. ती स्टँडवर थांबलीय, संध्याकाळच्या गाडीनं निघायचंय."

शीटमध्ये सुरेखा नाही! 'घाटघर' शोधलं. एकच ओळ, कुणाचातरी टॉर्च.

"काका, ऑर्डर दिलेली ना नक्की?"

"म्या हितंच बसलो व्हतो. तूच टाईप केलंस की."

"फोन नंबर सांगा."

सांगितला. टॉर्चवाल्याचाच नंबर!

"अहो, हा दुसऱ्याचा नंबर आहे."

"दुसऱ्याचा कसा? गावाचा हाय. आमच्याकडं रेंज कुठं? गावच्या दुकानात एक फोन हाय, समद्यांचा त्योच नंबर."

अख्खं घाटघर मी एक माणूस समजून पुसलं होतं!

दत्ताभाऊ मागून म्हणाले, "शाबास! आता सरपंचाला कळवतीस, का मी कळवू?"

ईमेलमधून ट्रॅकिंग नंबर काढला. बूट येऊन आठ दिवस झालेले. गाडीवर कुरिअर ऑफिस गाठलं.

"सकाळीच पुण्याला गेलं, मॅडम."

"पुण्यात त्यांना मिळेल?"

"रिटर्नचा शिक्का पडला. आता न्हाई मिळत."

किती विनवलं! नाही म्हणजे नाही. पुण्यात नवे घ्यावेत, तर पोचेपर्यंत दुकानंही बंद होणार. परत येऊन काकांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "कुणाचं तरी घालून पळंल," आणि स्टँडकडं गेले.

आत्ता तिचाच फोन आला, पीसीओवरून.

"ताई, थोडक्यात गेलं. बूट मैत्रिणीचे होते, पायात हलत व्हते."

मग तिनंच पुढं सांगितलं,

"ते परत मागवा. फुडल्या भरतीला लागतील. आन् आले की फोनवर जो असंल त्याला सांगा, आमच्याकडं निरोप पोचतो."

म्हणजे त्या एका नंबरवर कुणालाही सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी सांगितलंच नाही.

आता शीटमध्ये प्रत्येक ऑर्डरला स्वतःचा नंबर आहे, आणि काही पुसायच्या आधी मी कॉपी ठेवते. तुमच्या हातून एका क्लिकमध्ये असं कुणाचं काही गेलंय का? सांगा ना!