छान म्हणणारा कोच

मला कुठून निघून जायचं असलं की मी तिथल्या माणसांशी फार गोड वागायला लागतो. ही गोष्ट मला पन्नाशी जवळ आल्यावर कळली, आणि तीही माझी मला कळली नाही. तारोडीच्या बायकांनी ती तोंडावर सांगितली.

मी फुटबॉल खेळून पोट भरलं. नाव व्हावं इतका चांगला कधीच नव्हतो, पण बचावातली राइट बॅकची जागा रिकामी झाली की आठवण व्हावी इतपत होतो. मुंबईतल्या कंपन्यांचे संघ, पुणे, गोवा, जिथे एका मोसमाचं कंत्राट मिळेल तिथे खेळलो. दुसऱ्या क्लबचा माणूस चहा पाजायला आला की मी समजायचो, आणि एका सकाळी बॅग उचलून निघायचो. कुणालाच सांगायचो नाही. सांगितलं तर लोक थांब म्हणतील अशी भीती असायची, आणि म्हणणार नाहीत अशीही.

गोव्यात आमचा लेफ्ट बॅक माझ्याच खोलीत राहायचा. उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला नडगीवर बांधायचे माझे नवे शिन-पॅड देऊन टाकले, वर मासळीची थाळी खाऊ घातली. पहाटे तो झोपेत असताना बस पकडली. पुढच्या मोसमात तो समोरच्या संघात होता, पायांना माझेच पॅड. सामन्याआधी हात मिळवताना एवढंच म्हणाला, "पॅड चांगले आहेत रे." मग पूर्ण सामन्यात माझ्याकडे बघितलं नाही. मला त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुडघा गेल्यावर मीरा रोडला शांती नगरच्या घरी बसलो. बायकोच्या नोकरीवर घर चाललं. कोचिंगचा कोर्स केला, सोसायट्यांमधल्या मुलांना शिकवायला लागलो. मग कुणीतरी सांगितलं, भाईंदरपलीकडच्या तारोडीत गावच्या सणाला पुरुषांचा फुटबॉल असतो, यंदा पहिल्यांदा बायकांचाही ठेवताहेत. संघ जमलाय, कोच नाही. दर रविवारी भाईंदरहून बस धरून जाऊ लागलो. चर्चमधून परतल्या की बायका कपडे बदलून मैदानात यायच्या. मैदानाच्या एका बाजूला बांबूंवर बोंबील वाळत असायचे. चेंडू त्यात घुसला की आधी माफी मागायची, मग चेंडू आणायचा.

गोलकीपर चाळिशीची, मीरा रोडच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी. तिच्यासमोर बचावाला मधोमध उभी राहायची तिची नणंद, मासळी विकणारी. दोघींची भांडणं घरची, चालायची मात्र मैदानावर. मी ओरडायचो, "अगं बाजार मांडलाय का इथे?" नणंद म्हणायची, "सर, बाजारात आम्ही यापेक्षा नीट उभ्या राहतो." मी खूप ओरडायचो. त्या खूप हसायच्या, आणि हळूहळू खेळायला लागल्या होत्या.

सण दोन आठवड्यांवर आला असताना एका मोठ्या अकॅडमीतून फोन आला. पक्का पगार, माझ्या वयाला पुन्हा न मिळणारा. अट एकच, हा रविवार सोडून पुढच्या रविवारपासूनच यायचं. त्यांची मोठी बॅच रविवारी सकाळी असते. मी हो म्हणालो. बायकोने विचारलं, "तारोडीला सांगितलं का?" म्हणालो, "सांगेन."

त्या शेवटच्या रविवारी मी गोलकीपरसाठी नवे ग्लव्ह्ज घेऊन गेलो आणि आल्या आल्या तिला घालायला दिले. विकत घेताना मला ते शिन-पॅड आठवले नाहीत, हे आज लिहितानाही लाज वाटते. सराव सुरू झाला. चेंडू तिच्या दोन पायांमधून गोलात गेला. मी म्हणालो, "छान प्रयत्न." नणंदेने चेंडू सरळ समोरच्या टीमला दिला. मी म्हणालो, "हरकत नाही, होतं असं."

पाणी प्यायला थांबलो तेव्हा त्या आपसात कुजबुजत होत्या. गोलकीपरने ग्लव्ह्ज काढले.

"सर, तुम्ही कधी जाताय?"

"कुठे?"

"ते तुम्हाला माहीत. आम्ही आता तेच बोलत होतो. सर एकतर आजारी हाय, नाहीतर चालला हाय."

"मी आजारी बोलले," नणंद म्हणाली. "ही बोलली, चालला."

"पायांमधून गोल गेला आणि तुम्ही छान म्हणालात. माझा नवरापण म्हणाला नसता."

"माझा भाऊ? तो तर न्हायच!"

सगळ्या हसल्या. गोलकीपर हसली नाही. "दवाखान्यात बघते ना मी. डॉक्टर एखाद्या पेशंटला बोलले की आता काहीही खा, की आम्ही समजून जातो."

मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. मी अकॅडमीचं सांगून टाकलं, पुढच्या रविवारचंसुद्धा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, निघायच्या आधी. कुणीही थांबा म्हणालं नाही. ज्या गोष्टीला आयुष्यभर घाबरलो ती घडली, आणि मी तिथेच उभा होतो.

"जायचं तर जा, सर," गोलकीपर म्हणाली. "पोट सगळ्यांना हाय. पण कॉर्नरला मी कुठे उभी राहू ते अजून शिकवलं न्हाय तुम्ही. आणि हे आता नको." तिने ग्लव्ह्ज माझ्या बॅगेत ठेवले. "मॅच झाल्यावर द्या. असलात तर."

मी बोंबलांच्या रांगांकडे चालत गेलो आणि अकॅडमीच्या माणसाला फोन लावला. सांगितलं, सण होईपर्यंत रविवारी येणार नाही. बाकीचे सगळे दिवस तुमचे. पलीकडून उत्तर आलं, "देखते हैं, सर. बताता हूँ." हे लिहितोय तोवर त्याने काही कळवलेलं नाही. कदाचित नोकरी गेली असेल. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बघू. आतापर्यंत चाललंय ना." त्या लेफ्ट बॅकचा नंबर मी एका जुन्या मित्राकडून मिळवलाय, अजून लावलेला नाही.

फोन ठेवून परत आलो. फोनचं सांगत न बसता कॉर्नर लावला. गोलकीपरला मागच्या खांबाजवळ उभं केलं, चेंडू उंच आला की पुढे झेप घ्यायची म्हणून सांगितलं. चेंडू आला. ती जागची हलली नाही. नणंद तिच्याकडे बघत राहिली, आणि चेंडू दोघींच्या मधून गोलात गेला.

"अगं फोटो काढायला उभ्या आहात का दोघी?" मी ओरडलो. "चेंडू काय पत्ता विचारत येणार आहे? परत!"

गोलकीपर चेंडू आणायला वळली. जाता जाता नणंदेला म्हणाली, "आजारी न्हाय गं तो. आणि चाललापण न्हाय."