बाबांच्या खिशातला चाकू

माझे वडील अमरावतीच्या एका जिनात फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याला आमच्याकडे नुसतं जिन म्हणतात. सकाळी सदरा घातला की बाबा आधी खिसा चाचपून चाकू आहे ना ते बघत, मग पायात चपला घालत. कधी विडीचं बंडल राहून जाई, कधी जेवणाचा डबा. चाकू मात्र कधी राहिला नाही.

तो घडीचा चाकू होता. लढाई संपल्यावर मिलिटरीचं उरलंसुरलं सामान बाजारात आलं, तेव्हा त्यांनी तो अकोल्याला घेतला होता. शिंगाची काळी मूठ, आणि तिच्या पोटात मिटलेली हत्यारं: एक मोठं पातं, एक लहान, डबा फोडायची चोच, पेचकस, चामड्याला भोक पाडायची आरी आणि बोटभर लांबीची कैची. जिनात त्यांच्याकडे पान्यांची अख्खी पेटी असायची, तरी हा चाकू वेगळाच. तो जिनाचा नव्हता, त्यांचा होता.

आमच्या घरांच्या ओळीत कुणाच्या कंदिलाची चिमणी अडकली, चपलेचा अंगठा निघाला, ट्रंकेचं कुलूप गच्च बसलं, की माणूस दारात येऊन विचारायचा, "दादा, चाकू हाय काय?" बाबा म्हणायचे, "हाय." एवढंच. पण तो शब्द म्हणताना त्यांच्या तोंडावर जे यायचं, ते मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. एकदा वलगावच्या शिवारात माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. बाबांनी बांधावर बसून माझा पाय मांडीवर घेतला, आरीचं टोक काडीच्या जाळावर धरलं आणि मला समोरच्या झाडावरचे बगळे मोजायला लावले. मी सातवर पोचायच्या आत काटा त्यांच्या तळहातावर होता.

नागपूरला जाऊन आम्ही बौद्ध झालो, त्याच्या दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट मला चांगली आठवते. घरी आल्यावर बाबांनी आम्हां सगळ्यांना अंगणात ओळीनं बसवलं आणि त्या लहानशा कैचीनं प्रत्येकाच्या गळ्यातला गंडा, दंडावरचा काळा दोरा कापला. माझ्या गळ्यातला कापताना कैचीचं थंड लोखंड मानेला लागलं आणि मी अंग चोरलं. ते म्हणाले, "हालू नको बाई. झालंच." सगळे दोरे त्यांनी चुलीत टाकले, कैची सदऱ्याला पुसली आणि मिटून खिशात ठेवली.

मी सातवीत असताना जिनातल्या चालत्या पट्ट्यानं त्यांचा उजवा हात ओढून घेतला. दवाखान्यातून आले तेव्हा त्या हाताला फक्त अंगठा होता. जिनवाल्यांनी त्यांना कामावरून काढलं नाही, फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसाठी फाटक उघडायचं आणि लावायचं. फिटर माणसाला ते किती लागलं असेल हे मला तेव्हा कळलं नाही, कारण ते त्याबद्दल बोललेच नाहीत.

चाकू मात्र खिशात जातच राहिला. फक्त उजवा खिसा सोडून डाव्या खिशात. चाकूची पाती आधीपासूनच घट्ट होती. खाचेत नख रुतवून दुसऱ्या हातानं मूठ ओढली तरच ती उघडायची. बाबांनी दातांनी उघडून पाहिलं, तर माय ओरडली. मग ते काम माझ्याकडे आलं. ते मूठ पुढे करायचे, "उघड व बाई," आणि मी उघडून द्यायची. पुढचं ते डाव्या हातानं करायचे. फाटकावर लोक अजून विचारत, "चाकू हाय काय?" बाबा "हाय" म्हणून काढून देत. उघडायचं ज्याचं त्यानं.

मॅट्रिक झाले, मास्तरणीचं ट्रेनिंग झालं आणि मला अकोल्याला नोकरी लागली. जठारपेठेत एक खोली घेतली. आमच्या अख्ख्या घराण्यात शाळेत शिकवणारी मी पहिली. साडी नीट नेसायची, शुद्ध बोलायचं, 'मले'चं 'मला' करायचं, हे सगळं मी फार जपून करत होते. कुणी काही म्हणत नव्हतं, पण आज आपल्याकडून काही चुकणार नाही ना, ही धाकधूक दिवसभर असायची.

नोकरीला लागल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एक दिवस मधल्या सुटीत शिपाई म्हणाला, "बाई, तुमचे वडील आले." बाबा शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभे होते. हातात जांबांनी, म्हणजे पेरूंनी, भरलेली थैली, तोंड सुतळीनं शिवलेलं. आत चार शिक्षिका चहा पीत होत्या. मी बाबांना खुर्ची दिली. त्यांनी थैली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सगळ्यायले दे, बाई. घरच्या झाडाचे हायेत." मग डाव्या हातानं चाकू काढून माझ्यापुढे धरला.

"उघड व."

पुण्याकडून बदलून आलेल्या एक बाई होत्या. त्या बाबांच्या उजव्या हाताकडे बघत होत्या, मग चाकूकडे, मग माझ्याकडे. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी हात पुढे केलाच नाही. मी म्हणाले, "बाबा, कशाला वागवता हा रोज? तुम्हाला उघडता तर येत नाही."

हे मी शुद्ध मराठीत म्हणाले, तेही मला आठवतं.

बाबांनी चाकू मागे घेतला. मग म्हणाले, "बरोबर हाय." चाकू खिशात ठेवला. त्या पुण्याच्या बाईंनीच पर्समधून पेन्सिलीचं ब्लेड काढून सुतळी कापली. त्यांनी जांब चाखून पाहिला, गोड आहे म्हणाल्या, बाबांना चहा ओतून दिला. त्या बाईंच्या मनात काहीच नव्हतं. जे होतं ते माझ्याच मनात होतं. बाबा बशीतून चहा प्याले, सगळ्यांना नमस्कार केला आणि बडनेऱ्याची गाडी आहे म्हणून निघाले. मी शाळेच्या फाटकापर्यंत त्यांच्यासोबत गेले असते तरी मला बोलता आलं असतं. पण घंटा झाली होती, मी वर्गावर गेले.

पुढच्या सुटीत घरी गेले, तर त्यांचा डावा खिसा रिकामा होता. बाबा कामावर गेल्यावर मी मायला विचारलं. ती ज्वारी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पेटीत हाय. अकोल्यावरून आले तवापासून रोज संध्याकाळी कामावरून आले की मागल्या दारी बसत. मूठ टाचेखाली दाबायची अन् डाव्या हातानं पातं वढायचं. महिनाभर तेच. हात कापून घेतला दोनदा."

"मग?"

"मग उघडला ना. लय खूश झाले. म्हणे, बाई येईन तवा दाखवतो तिले. म्हणून ठेवला पेटीत."

मी त्या सुटीत नऊ दिवस घरी होते. रोज वाटायचं, आज बाबा पेटी उघडतील. ते उघडत नव्हते. आता मला वाटतं, मी विचारावं याची ते वाट बघत असतील. विचारलं असतं तर त्या दिवसाचं बोलणं निघालं असतं, आणि मला माफी मागावी लागली असती. मी माफी मागायला तयार नव्हते असं नाही. घरात अशी माफी कुणी कुणाची मागत नव्हतं, तिचे शब्द मला येत नव्हते. मी त्यांच्याशी शाळेबद्दल बोलले, मायच्या गुडघ्यांबद्दल बोलले. निघताना ते बसपर्यंत आले आणि खिडकीतून म्हणाले, "जेवत जा वेळेवर."

उन्हाळ्यात, शाळेच्या परीक्षा चालू असताना, जिनाच्या फाटकावर भर दुपारी बाबा स्टुलावरून कोसळले आणि तिथंच गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपून लोक सावलीत बसले होते.

तेराव्याबिराव्याचं आमच्यात काही नव्हतं. मी निघाले त्या दिवशी मायनं चाकू माझ्या पिशवीत ठेवला. तेव्हापासून तो माझ्या पर्समध्ये आहे. वर्गात, सहलीला, लग्नाकार्याला, रोज. पोरींच्या पेन्सिली, कुणाची तुटलेली चप्पल, खिडकीचा ढिला स्क्रू. शाळेत बायका हसून म्हणतात, मास्तरीणबाईंजवळ चाकू. कुणाला काही लागलं की मात्र आधी माझ्याकडेच येतात, आणि मी आहे म्हणते. तेवढं म्हणताना बरं वाटतं, हे खरं आहे. बाबा तो कशासाठी वागवत होते, हे मला असं कळलं.

खोलीवर एकटी असताना मी पुष्कळदा उजवा हात पाठीमागे ठेवून, मूठ टाचेखाली दाबून, नुसत्या डाव्या हातानं मोठं पातं ओढून पाहिलं आहे. ते जागचं हलत नाही.