पडेगावच्या गच्चीवरचा चंद्र

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय – ते मलाही नीट ठाऊक नाही.

औरंगाबादेत माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, रोल धुणं आणि हौस म्हणून मकबरा. वीस वर्षं मी मकबराच काढत होतो, त्यावर शहरात थोडं नावही होतं. गुलाबराव माझं जुनं गिऱ्हाईक. राहायला पडेगावला, बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर. या माणसानं महिनोन्महिने जाड काच घासून आरसा केला, घरीच दुर्बीण बांधली आणि गच्चीवरून चंद्राचा फोटो काढला. प्रदर्शनासाठी मोठा करून द्या म्हणाले आणि निगेटिव्हची पट्टी माझ्याकडे ठेवून गेले.

औषधाच्या ट्रेमध्ये तो हळूहळू उमटला. अर्धा चंद्र. उजेड तिरपा, प्रत्येक खड्ड्यात काळीभोर सावली, कडा तर बोटाला लागतील अशा. खरपूस भाजलेल्या भाकरीसारखा खडबडीत – आणि किती देखणा. असा उजेड मला मकबऱ्यावर एकदा तरी सापडला होता का? मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या पोटात दुखलं.

प्रदर्शनातल्या स्पर्धेत माझा मकबराही होता. परीक्षकांना चंद्राबद्दल शंका आली. फिटरच्या हातून असा फोटो? मासिकातून उतरवला असणार, निगेटिव्ह दाखवा. गुलाबराव विश्वासानं माझ्याकडे वळले. आणि मी – सगळ्यांसमोर – म्हणालो, "ती तर मी तुम्हाला परत दिली."

ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती. चंद्राच्या पुढच्याच चौकटीत त्याच गच्चीवर त्यांची बायको मिरच्या वाळत घालत होती. आणखी कसला पुरावा हवा होता? चंद्र बाद झाला. पहिलं बक्षीस माझ्या मकबऱ्याला मिळालं आणि मी ते घेतलं.

गुलाबरावांनी घर पालथं घातलं. ट्रंका, गाद्या, पिठाचे डबेसुद्धा. आठवड्यानं दुकानात आले ते माझीच माफी मागायला. "माझ्याच हातून कुठं पडली आसंल, भाऊसाहेब. चार लोकांत तुमचं नाव घेतलं, चुकलंच माझं."

ड्रॉवर माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. मी म्हणालो, "चालायचंच."

दुर्बीण त्यांनी पुन्हा लावली नाही. मागच्या साली ते गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "लई शोधली वो ती पट्टी त्यांनी. पार शेवटपत्तोर."

पट्टी माझ्या खिशात होती. द्यायलाच नेली होती. मी चहा घेतला आणि तशीच परत आणली.