चण्यांची पहिली मूठ

उत्तनच्या बंदराजवळच्या पांढऱ्या क्रूसापाशी मे महिन्यात रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असते आणि ती चालवतो इनास. जाळी विणणारा माणूस, शिक्षण जेमतेम चौथी. पण हातात जपमाळ आली की खुद्द फादरनेही कान देऊन ऐकावं! हे इनासला स्वतःलाही जरा जास्तच ठाऊक होतं.

२००७ साली महापालिकेची निवडणूक तोंडावर आली आणि गावात घराघरांत वाद सुरू झाले. इनासचा पक्ष बापजाद्यांपासून ठरलेला. शेजारचा बस्त्याव म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा सोबती, इनासच्या थोरल्या मुलाचा बाप्तिस्म्यातला धर्मबाप. त्या बस्त्यावने आपल्या होडीवर सरळ दुसऱ्या पक्षाचा झेंडा लावला. "जेटी जो बांधल तो माजा," एवढंच म्हणाला. इनासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने बोलणंच टाकलं.

क्रूसापाशी प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटायची रीत आहे, रोज एका घराची पाळी. त्या दिवशी पाळी बस्त्यावच्या घराची होती. रोझरी सुरळीत झाली. मग विनंत्या आल्या. आजाऱ्यांसाठी झाली, समुद्रावर गेलेल्यांसाठी झाली, आणि तिथे इनासचा जिभेवरचा ताबा सुटला. डोळे मिटून, आवाज गोड करून तो म्हणाला, "एका झेंड्यापायी ज्यांनी आपल्या मानसांना विकलं, त्यांना, हे प्रभू, बुद्धी दे."

मागे बायकांत खसखस पिकली. कोणाबद्दल ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक," सवयीने सगळे म्हणाले, निम्मे हसत. त्यात सगळ्यांत मोठा आवाज बस्त्यावचा. इनासने एक डोळा किलकिला करून पाहिलं. बस्त्याव हात जोडून, मान खाली घालून उभा होता.

चण्यांची पहिली मूठ प्रार्थना चालवणाऱ्याची. बस्त्याव टोप घेऊन आधी इनासपाशीच आला.

इनासला राहवलं नाही. "मी कोनासाठी बोललो, कललं न्हाय काय तुला?"

"कललं की. माज्यासाठी." बस्त्यावने त्याच्या ओंजळीत चणे घातले. "बुद्धी कोनाला नको हाय? मी मनापासून बोललो, इनास. तू बोललास काय?"

विचारण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. इनासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं देवाच्या नावाने तोंड उघडलं, त्यात देवाशी किती बोललो आणि शेजाऱ्यांना किती ऐकवलं? हातातले चणे गिळवेनात आणि प्रसादाचे म्हणून टाकवेनात. ते तसेच मुठीत धरून तो घरी गेला. माफी मागायला एक अंगण ओलांडायचं होतं, तेही त्याला जमलं नाही.

निवडणूक झाली, झेंडे उतरले. रोझरी अजूनही इनासच चालवतो. पण विनंत्यांची वेळ आली की जपमाळ खिशात घालून मागे सरकतो आणि बस्त्यावच्या शेजारी जाऊन उभा राहतो. विनंती दुसरं कोणीतरी म्हणतं. बस्त्याव पूर्वीसारखाच मोठ्याने उत्तर देतो. इनास मात्र दर वेळी थांबतो, मनापासून येतंय का ते आत चाचपून बघतो आणि मगच तोंड उघडतो. बऱ्याचदा उघडत नाही.