गाठ बसेपर्यंत

शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरी नाचायला उभ्या राहिल्या की मेश्रामबाई पडद्याआड टेपरेकॉर्डरजवळ जाऊन थांबत, एक बोट बटणावर ठेवून. एखादीचं पाऊल चुकलं की त्या गाणंच बंद करत आणि ती सावरली की पुन्हा सुरू करत. मुख्याध्यापक चिडायचे. बाई शांतपणे म्हणायच्या, "गाण्याले कायची घाई हाय, सर? पोरीले सावरू द्या."

हे त्यांनीच मला सांगितलं. तोवर त्या निवृत्त होऊन नागपूरच्या प्रताप नगरात आमच्या शेजारी राहायला आल्या होत्या. मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्या वर्षी मी मनगटांना आणि घोट्यांना बांधायचे चार पट्टे बनवत होतो. प्रत्येकात हालचाल ओळखणारा एक छोटा सेन्सर. नाचणाऱ्याचा हात-पाय हलेल तसं लॅपटॉपमधून संगीत वाजणार. गाण्याने माणसामागे यायचं, माणसाने गाण्यामागे धावायचं नाही. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "मंग मलेच बांध गा. एवढी वर्षं मले हेच पाह्यजे होतं."

आमच्या हॉलमध्ये त्यांनी पहिल्यांदा हात वर नेला तेव्हा बासरीचा सूर वर चढला. दचकून त्यांनी हात खाली घेतला, सूरही उतरला. मग त्या हसायला लागल्या. "अरे, थे माह्या मागं येऊन राहिली गा!" साडीचा पदर खोचून पासष्ट वर्षांची ती बाई तासभर हात हलवत उभी होती. चहा निवून गेला.

नाच त्यांनी स्वतःच बसवला. त्यांची आई उमरेडला हातमागावर विणायची. तिचंच ते विणणं. पाय दाबला की मागाचा खटका, हात फिरला की बासरी. मध्ये एका ठिकाणी धागा तुटतो. आई थांबते, दोन्ही टोकं शोधते, गाठ मारते. तेवढा वेळ सगळं शांत. ही शांतता रोज वेगळी असायची. कधी चार श्वासांची, कधी दहा. मी एकदा म्हणालो, "बाई, हिचा वेळ ठरवून टाकू या का?" त्या म्हणाल्या, "गाठ बसली का नाही हे घड्याळाले कसं समजंल?"

कॉलेजच्या कार्यक्रमाला बाहेरचे पाहुणे येणार होते. त्याच दिवशी सकाळी डाव्या पायाचा पट्टा मधूनमधून बंद पडायला लागला. दुपारपर्यंत मी खटपट केली, दोष सापडेना. विभागप्रमुखांनी पाहुण्यांना माझं नाव घेऊन या पट्ट्यांबद्दल सांगून ठेवलं होतं. शेवटी मी आदल्या दिवशीच्या तालमीचं रेकॉर्डिंग लावून ठेवलं. बाईंच्याच हातापायांनी वाजवलेलं आहे, त्यात खोटं काय, अशी मनाची समजूत घातली. त्यांच्या पायाला बंद पट्टा बांधताना मी मान वर केली नाही.

सुरुवात जमली. रोजचाच नाच, थोडंफार पुढेमागे झालं तरी त्या पुढच्या पावलाला गाणं गाठत होत्या. मग धागा तुटला. त्या वाकल्या, बोटं गाठ मारायला लागली, आणि ती पुरी व्हायच्या आत खटका वाजला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांनी एकवार लॅपटॉपकडे नजर टाकली, हात सोडले आणि गाण्याच्या मागे निघाल्या. शेवटपर्यंत एकही पाऊल चुकलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आत आल्यावर त्यांनी चारही पट्टे काढून माझ्या हातात दिले.

"बिघडला होता का?"

"डावा पाय, बाई. सकाळपासून."

"मंग काहून नाही सांगितलं? मी टेपवर नाचली असती. आयुष्यभर तेच तं केलं. पण लोकायले सांगून नाचली असती."

मी म्हणालो, "कोणाला कळलं नाही, बाई."

"मले कळलं ना," त्या म्हणाल्या.

यापेक्षा जास्त त्या कधी बोलल्या नाहीत. भाजीची वाटी येत राहिली, माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी चालू राहिली. पट्टा पंधरा दिवसांत दुरुस्त झाला. एक तार आतून तुटलेली होती. मी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा गुडघा दुखत होता. पुढच्या वर्षी घर सोडून त्या उमरेडला भाचीकडे राहायला गेल्या.

माफी मागायची म्हणूनच एका रविवारी मी तिकडे गेलो. जेवण झालं, गप्पा झाल्या. बाईंनी कॉलेजचं, मुलीचं, शेजारपाजारचं सगळं विचारलं, आणि माझा विषय काही निघेना. त्या मला सोडायला काठी टेकत एसटी स्टँडपर्यंत आल्या. तिथे मी कसंबसं सुरू केलं, "बाई, त्या दिवशी मी..."

"नागपूर गाडी लागली गा," त्या म्हणाल्या. "जाय, जागा धर."

मी पळत जाऊन खिडकीची जागा धरली. बाई खाली उन्हात उभ्या होत्या. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत राहिलो. दोन महिन्यांनी भाचीचा फोन आला: बाई झोपेतच गेल्या.

उमरेडहून नागपूरला एका गाडीमागे दुसरी असतेच. ती एक मला सोडता आली असती.