कच्च्या टाकीतला वाळा

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा करायला उठते. मी केमिस्ट आहे. डोळ्यांसमोर रंग बदलला तरच माझा विश्वास बसतो... पण रंगच बदलला तर काय करायचं?

सोनईच्या अलीकडे आमची सोयाबीन तेलाची रिफायनरी आहे. लोकांना वाटतं, रिफायनरीला फक्त कच्चं तेल लागतं. पण तिची खरी हाव वाफेची. वाफेसाठी बॉयलर, बॉयलरला साखर कारखान्याचं बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आणि पाणी... आणि उन्हाळ्यात बोअर आटली की टँकर.

टँकर आला की पहिली बादली गेटवरच्या रांजणात जायची. हा नियम बॉयलर सांभाळणाऱ्या दगडूमामांच्या बायकोचा. मामी आमच्याकडे झाडलोट करायच्या. रांजणात वाळ्याची जुडी सोडायच्या आणि टँकरवाल्याला अडवून म्हणायच्या, "आदी मानसाला, मग मशिनीला." दिवाळीनंतर मामी गेल्या. या उन्हाळ्यात रांजण पालथाच होता.

एप्रिलमधली दुपार. टँकर वाटेत बंद पडला आणि नेमकं तेव्हाच तेल शेवटच्या पात्रात कडकडीत तापलेलं. त्या पात्रातली हवा वाफेच्या जोरावर काढलेली असते. वाफ थांबली की हवा आत शिरणार, तेल पेटणार. तेल थंड होईपर्यंत बॉयलर चालू हवा, आणि मी शिडीवरून कच्च्या पाण्याच्या टाकीत डोकावले तर तळ दिसत होता. मी सगळ्यांना बाहेर काढलं. मामा मात्र हलेनात.

"तुमी बी जावा ताई. म्या हाय हितं."

मला त्यांना एकटं सोडवेना आणि थांबायची भीतीही वाटत होती. काहीतरी करायचं म्हणून मी पुन्हा शिडी चढले... टाकी काठोकाठ भरलेली. विचार करायला वेळ नव्हता. आम्ही पंप चालू केला आणि तेल सावकाश थंड केलं.

मग मी त्या पाण्याचा नमुना घेतला. आमच्या भागातलं पाणी इतकं जड, की टेस्टचा रंग नेहमी लालच येतो. हा थेट निळा आला, पावसाच्या पाण्याला येतो तसा. वाटलं, वाफेचंच पाणी परत आलं असेल. पण ते गरम असतं, आणि एवढं तर नसतंच. हे रांजणातल्यासारखं गार होतं. टाकीत टँकरचं पाणी घ्यायच्या पाइपला झाकण तसंच लावलेलं.

पंपाची जाळी उघडली तर तिच्यात मुळांचा गुंता अडकला होता. मामांनी तो नाकाशी धरला.

"वाळा हाय. आमची हीच टाकायची." तो गुंता हातात तसाच धरून ते पायरीवर बसले.

संध्याकाळी टँकर आला. मामांनी रांजण सरळ केला, धुतला आणि पहिली बादली स्वतः नेऊन ओतली.

नमुन्याची बाटली माझ्या कपाटात आहे. अजूनही निळाच रंग देते. रांजणातलं पाणीही मी गुपचूप तपासते — लाल, दरवेळी लालच. कुणाला उलगडा होत असेल तर जरूर सांगा, मला झालेला नाही.

एवढं मात्र झालं, की रांजण भरल्याशिवाय मी पंप चालू करू देत नाही. मालकांनी विचारलं, ही कसली पद्धत? म्हटलं, प्लांट चालवायला जे जे लागतं, त्यात हेही येतं.